दैवाचा वाटा पाचवा

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. मुरबाडात पंपसेट दुरुस्त करून पोट भरणाऱ्या मला हा श्लोक गॅरेजातलाच वाटतो. मोटर बंद पडून आली की मीही याच क्रमानं जातो. बैठक हलते का, चालवणारा कोण, यंत्र कसलं, चालवलं कसं. एवढं बघून झाल्यावर उरलं तर दैव. गिऱ्हाईक मात्र पाचव्यापासून सुरुवात करतं, "आपलं नशीबच फुटकं, नाना!"

यंदा आमच्या पोरांनी वर्गणी काढून पुरासाठी रबरी बोट घेतली आणि तिला मागे कुठली मोटर लावायची ते विचारायला आली. त्यांना हवी होती २५ एचपीची. बोटीच्या मागच्या फळीवर पाटी आहे, जास्तीत जास्त १० एचपी. एकाची आजी म्हणाली, मोटरीत कशाला घालताय पैसे? देव तारी त्याला कोण मारी! पोरांना दैवाचा वाटा शून्यावर आणायचा होता, आजीला बाकीच्या चौघांचा. दोघांचाही हिशोब चुकलेला.

पोरांचं आधी बघू. २५ एचपीचं धूड पन्नास किलोच्या घरात जातं. एवढं ओझं या बोटीच्या शेपटाला टांगलं की शेपूट बसतं, नाक वर येतं आणि आडव्या प्रवाहात बोट पालथी व्हायला वेळ लागत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पाण्यात अडकली, तेव्हा एनडीआरएफच्या बोटी हजारावर प्रवाशांना काढायला धावल्या. तेच पोरांच्या डोळ्यांपुढे आहे. पण ती माणसं वर्षभर तेच काम करतात. पुढच्याच आठवड्यात खडवलीजवळच्या जू गावातून ५८ जणांना हवाई दलानं हेलिकॉप्टरनं उचललं. बोट आणि मोटर दोन्ही असूनही काही पाण्यात बोटीनं जायचं नसतं.

मोटर निवडताना खरं ठरवायचं असतं ते हेच, की कोणत्या पाण्यात आपण जाणार नाही. हे आधी ठरलं नाही तर ऐनवेळी ते ईर्ष्या ठरवते, आणि बुडाल्यावर नाव दैवाचं होतं. पाच कारणं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही दिसत नाही, असं भगवंत पुढे लगेच बजावतात. माझी आपली त्यात एक भर: ज्याला एकटं दैव दिसतं तोही आंधळाच.

एका पोरानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "नाना, पलीकडे माणूस ओरडतोय, काळू नदीला ओढ आहे, आणि आम्ही बोट उतरवायची नाही? मग त्याच्या आईला काय सांगायचं?" याला गुळगुळीत उत्तर नाही. तिच्यापुढे दैवाचं नाव मी तरी घेणार नाही. आमचं साधन एवढंच होतं, हे सांगीन. तहसीलला फोन केला, दोर टाकला, रात्रभर बॅटरी दाखवत बसलो, हे सांगीन. तिचं समाधान होणार नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही मी ठेवू नये. गळ्यात तुळशीची माळ घातली म्हणून हे ओझं देवाच्या खांद्यावर टाकायची मुभा मिळत नाही. उलट माळकऱ्यानं तर ते आधी उचलावं.

आणि या छोट्या बोटीचं काम कमी नाही. पाणी चढायच्या आधी, पुराचा इशारा आला की नदीकाठच्या घरांतली म्हातारी माणसं, बाळंतिणी हलवायच्या. शेतात तुंबलेल्या पाण्यातून औषध, दूध पोचवायचं. याला पाच-सहा एचपी पुष्कळ. आमच्याकडे पाच एचपी म्हणजे विहिरीवरची मोटर, म्हणून पोरांना ते हलकं वाटतं.

घ्यायची ती फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक वजनाला हलकी असते खरी, पण पेट्रोलमध्ये ऑइल मापून मिसळावं लागतं आणि रात्री पावसात माप चुकतंच. फोर-स्ट्रोक साधारण पंचवीस किलोची, दोघं मिळून काठापर्यंत नेतील, फक्त पुस्तकात दाखवलेल्या कुशीवरच आडवी ठेवायची. शाफ्ट आखूड, पंधरा इंची, कारण लांब शाफ्टचा पंखा काळूच्या धोंड्यांवर आपटणार. पंखा आपटला की शिअर पिन तुटते आणि गिअर वाचतो, म्हणून जादा पिना चालवणाऱ्याच्या खिशात हव्यात. मागून पाण्याची बारीक धार पडते का ते बघत राहायचं. पुराच्या गाळानं आतला रबरी इंपेलर झिजतो, धार थांबली की इंजिन तापलंच समजा. बंद करायची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असल्याशिवाय स्टार्टर ओढायचा नाही.

खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालाच. पण मे महिन्यात पिंपात पाणी भरून दहा मिनिटं चालवून बघा, आणि ते जमणार नसेल तर वर्गणी परत करा.