कापसाच्या गावातून जगाकडे

दिवाळीच्या आगेमागे वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीच्या आरंभी सीतादही हा विधी करण्याची विदर्भाची जुनी रीत आहे. पुढे कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. भारतीय रुई आणि सुताच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेश येतो. त्याच देशात, ढाक्याजवळच्या सावर इथे, २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि पाश्चात्त्य दुकानांसाठी कपडे शिवणारे अकराशेहून अधिक कामगार ढिगाऱ्याखाली मरण पावले.

पुलगावला लागून असलेल्या या गावातली मुले शाळेत कापसाला पोषक काळी माती अभ्यासतात आणि घरी भाव, बोंडअळी, कर्ज यांच्या चर्चा ऐकतात. पण वेचणाऱ्या हातांपासून शिवणाऱ्या हातांपर्यंतची साखळी त्यांना कोणी उलगडून दाखवत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या ध्येयांत जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण आहे. ते द्यायचे तर सुरुवात या साखळीपासूनच व्हायला हवी.

हा विचार वर्धा जिल्ह्याला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम आकाराला आली. सेवाग्राममध्ये ती उभी करणारे आर्यनायकम् मूळचे सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. १९४४ मध्ये कलाशिक्षक म्हणून देवीप्रसाद आले. तेही शांतिनिकेतनच्या कलाभवनात घडलेले. पन्नासच्या दशकात मार्जरी साइक्स या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या क्वेकर शिक्षिकेने इथे शिक्षक घडवले. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरातील शांततावाद्यांची परिषद आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्राममध्ये झाली.

म्हणजे ज्या काळात खेड्यात वर्तमानपत्रही क्वचितच पोचत असे, त्या काळात वर्ध्याजवळच्या एका गावात जग येऊन राहत होते. आणि ते नुसते पाहुणे म्हणून नव्हे. सफाई, कताई, स्वयंपाक, शेती हा तिथल्या अभ्यासक्रमाचा गाभा होता, आणि शिक्षक विद्यार्थ्यांसोबत त्यात उतरत. देवीप्रसाद पुढे लंडनला गेले आणि १९६२ ते १९७२ या काळात ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’चे सरचिटणीस राहिले. मुलांना माती आणि रंग शिकवणारा माणूस युद्धविरोधी जागतिक संघटनेचा कारभार पाहतो, यात त्याच्या जगण्याची दिशा बदललेली नव्हती. फक्त तिचा परीघ वाढला होता.

परक्यांसोबत राहून शिकण्याची हीच जाणीव दुसऱ्या महायुद्धानंतर जगातही वाढली. युद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’च्या स्वयंसेवकांनी १९४७ मध्ये शालेय विद्यार्थ्यांची देशोदेशी देवाणघेवाण सुरू केली. परक्या घरात राहायचे, तिथल्या शाळेत जायचे, ही तिची रीत. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अनेक देशांची सोळा ते एकोणीस वर्षांची मुले तिथे दोन वर्षे एकत्र राहतात, शिकतात. आसपासच्या गावांतली सेवा हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो.

या संस्थांचे काम मोलाचे आहे. मात्र तिथवर पोचणारी मुले मोजकी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला पासपोर्ट आणि विमानभाड्याअभावी जग नाकारले जाणार असेल, तर जागतिक जबाबदारी ही मूठभरांची मिरास ठरेल. शिवाय परदेशी मुलांनी खेडे ‘पाहून’ जावे आणि गावातल्या मुलांनी त्यांच्यासाठी स्वागतगीत म्हणावे, याला देवाणघेवाण म्हणता येत नाही. ज्याच्या घरी राहायचे त्याच्या कामात हात लावायचा आणि उद्या त्यालाही आपल्या घरी बोलवायचे, ही अट हवीच.

ती पाळायला सीमा ओलांडावी लागत नाही. केंद्राच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. ओडिशातल्या बलांगीर, कालाहांडी भागात कापूस पिकतो, पावसाची बेभरवशाची साथ असते, आणि तिथली कुटुंबे कामासाठी परराज्यात जातात. पुलगाव स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे, म्हणजे ओडिशाकडे रेल्वेने जाता येते. नाचणगावची मुले तिथल्या घरी आठवडाभर राहिली, तिथली मुले इथे वेचणीच्या काळात आली, तर विहिरीची पातळी, बियाण्याचा खर्च, मजुरी आणि स्थलांतर यांची तुलना ती स्वतः करतील. भाषा वेगळी, अन्न वेगळे, अडचण मात्र ओळखीची: या अनुभवातून बांगलादेशातल्या शिलाई कामगाराकडे पाहण्याची नजर तयार होते.

अडचणी खऱ्या आहेत. शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, मुलींना पाठवताना पालक घाबरतात, पैसा लागतो. म्हणून सुरुवात पत्रांनी आणि मोबाइलवरच्या संयुक्त तासांनी करावी. पहिल्या वर्षी शिक्षिकेसोबत आठ-दहाच मुले जावीत, यजमान कुटुंबांची भेट आधी शिक्षकांनी घ्यावी, मुक्कामाआधी दोन्हीकडच्या पालकांचे फोनवर बोलणे व्हावे. सेवाग्रामला नई तालीम समितीची आनंद निकेतन शाळा आजही सुरू आहे. काम करत शिकवायचे कसे, हे विचारायला चाळीसेक किलोमीटरवर अनुभवी शिक्षक आहेत.

नाचणगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी, पालकांनी आणि ग्रामपंचायतीने दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि ओडिशातल्या एका शाळेला पत्र पाठवावे.