सोसण्यापलीकडच्या उलट्या

दिवस गेलेल्या बाईला उलट्या होणारच, हे आपल्याकडे इतकं ठरून गेलं आहे की त्यांना काही हद्द असते, हा विचारच कोणाच्या मनात येत नाही. एकीला सकाळी चूळ भरताना ओकारी येते, दुसरीच्या पोटात घोटभर पाणीही ठरत नाही, घरातून दोघींना उत्तर मात्र एकच मिळतं: "कडक डोहाळे आहेत, तीन महिने कळ काढ." पहिलीसाठी हा सल्ला ठीक आहे. दुसरीच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो. हा फरक ओळखण्याचं काम त्या अंथरुणाला खिळलेल्या बाईवर टाकून चालणार नाही. ते घराचं, दवाखान्याचं आणि ती जिथे काम करते त्या जागेचं आहे.

मळमळ आणि उलट्या दहापैकी सुमारे सात गरोदर बायकांना होतात. बहुतेकींचा त्रास चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतो. शंभरात एखाद-दुसरीला मात्र हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम हा आजार होतो. फोडणी तर दूरच, शिजत्या भाताच्या वाफेने, नवऱ्याच्या साबणाच्या वासानेही तिला उमासे येतात. पोटात काही उरलं नाही की पिवळं-हिरवं पित्त पडतं, त्यानंतर कोरड्या ओकाऱ्या. तोंडाला सुटलेली लाळ गिळवत नाही, म्हणून उशाशी थुंकायला भांडं ठेवावं लागतं. लघवी कमी आणि गडद होते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. गरोदरपणाआधीच्या वजनापेक्षा 5 टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो कमी होणं, ही धोक्याची खूण मानतात.

या आजाराला मनाचा खेळ ठरवण्यात शिकलेली माणसंही मागे नव्हती. विसाव्या शतकात कित्येक डॉक्टरांनी या उलट्यांचं मूळ बाईच्या मनात शोधलं: तिला मूल नको असेल, संसार नको असेल. आपल्याकडे तेच साध्या शब्दांत बोललं जातं. "आम्ही नाही काढली का बाळंतपणं?" असं म्हणणाऱ्या आई-सासूबाईंच्या मनात वाईट काही नसतं, त्यांनी सोसलेलंच असतं. पण त्यांनी सोसलं तो त्रास आणि हिला होतो तो, एकच आहे असं कशावरून?

उत्तर आता प्रयोगशाळेतून आलं आहे. मार्लीना फेजो या अमेरिकी संशोधिकेने 1999 साली याच आजारात आपला गर्भ गमावला आणि पुढची अनेक वर्षं त्याचं कारण शोधण्यात घालवली. त्यांनी केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांच्या गटाबरोबर केलेलं संशोधन डिसेंबर 2023 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ15 नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या मागच्या भागात पोहोचून मळमळ निर्माण करतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात हे संप्रेरक कमी असतं, त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्यांना जास्त त्रास होतो. बीटा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते कायम जास्त असतं, आणि त्यांना गरोदरपणी मळमळ क्वचितच होते. तेव्हा सुनेचे लाड, नाजूकपणा, कामचुकारपणा हे सगळे आरोप आता मागे घ्यायला हवेत.

औषधाची भीती मात्र निराधार नव्हती. 1957 साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं आणि जगभरात हजारो मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. त्यातून औषधांच्या तपासणीचे नियम कडक झाले, हे योग्यच झालं. पण त्याच भीतीपोटी डॉक्झिलामाइन आणि बी6 जीवनसत्त्व यांची गोळी अमेरिकेत खटल्यांच्या माऱ्यामुळे 1983 मध्ये बंद पडली. ती गर्भाला अपाय करते असा पुरावा अभ्यासांत मिळाला नाही, आणि 2013 मध्ये त्याच मिश्रणाला तिथे पुन्हा मंजुरी मिळाली. मधली तीस वर्षं तिथल्या बायकांनी सोसलं. आपल्याकडेही हे औषध मिळतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेण्यात भिण्यासारखं काही नाही.

दवाखान्यातही एक गोष्ट विसरून चालत नाही. कित्येक दिवस अन्न न ठरलेल्या बाईच्या शरीरातला बी1 जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर मेंदूला इजा होऊ शकते: नजर डळमळते, चाल अडखळते, भान सुटतं. म्हणून आधी बी1, मग ग्लुकोज.

रजेचं काय? 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली, पण प्रसूतीपूर्वी त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडेच घेता येतात. हा आजार मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गाठतो. गरोदरपणातल्या आजारासाठी एका महिन्याच्या वेगळ्या पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. ती किती जणींना कोणी आपणहून सांगतं? आणि ऊसतोडीच्या फडावर, जिथे एका दिवसाचा खाडाही पैशांत वसूल होतो, तिथे ही तरतूद पोहोचतच नाही.

हवंहवंसं मूल पोटात असूनही काही जणी या त्रासाला कंटाळून गर्भपाताचा निर्णय घेतात. आपण त्यांच्यावर वेळीच विश्वास ठेवला, तर त्यातल्या कित्येकींवर ती वेळ येणार नाही. तुमच्या घरात कोणी गरोदर असेल, तर आठवड्याला तिचं वजन करा आणि दिवसातून किती वेळा लघवी झाली ते विचारा. पाणीही ठरत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, चक्कर येत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. कळ काढायला सांगू नका.