पात्र आणि पात्रता

व्यंगातून सौंदर्य निर्माण होते काय, आणि होत असल्यास त्या सौंदर्याचा आस्वाद घेणाऱ्यावर त्या व्यंगाचे काही ऋण उरते काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राने बहुधा नीतिशास्त्राकडे सोपविला आहे आणि नीतिशास्त्राने तो रसिकतेची बाब म्हणून परत पाठविला आहे. अशा प्रश्नाचा विचार केवळ तत्त्वांच्या भाषेत करू गेल्यास तो हातातून निसटतो. एखाद्या वस्तूच्या आधाराने केल्यास तो काही काळ तरी स्थिर राहतो. झाडाच्या गाठीपासून लेथवर कातलेले शोभेचे पात्र ही अशी एक वस्तू आहे.

झाडाच्या खोडावर, फांदीवर किंवा बुंध्याशी कधी कधी मोठे आवाळू वाढते. एखादी जखम, कीटक, बुरशी किंवा जिवाणू यांपैकी काही तरी त्याच्या मुळाशी असते. पुष्कळदा कारण सापडतही नाही. उसाच्या पेरावर डोळा असतो तसे असंख्य सुप्त डोळे या गाठीत दाटीने असतात आणि त्या प्रत्येकाला वळसा घालीत लाकडाचे तंतू वाढत जातात. सरळ रेषेच्या लाकडावर विश्वास ठेवणाऱ्या सुताराला असे लाकूड नकोसे असते. त्यावर रंधा नीट चालत नाही आणि ते किती भार पेलील याची शाश्वती नसते. कातारी मात्र नेमके तेच शोधीत असतो. ज्या वळणांमुळे लाकूड निरुपयोगी ठरले, तीच वळणे कातल्यानंतर डोळ्यांची, भोवऱ्यांची, ढगांची नक्षी होऊन प्रकट होतात.

सावंतवाडीच्या किंवा चन्नपट्टणच्या कातकामाशी तुलना केली म्हणजे या कलेचे वेगळेपण ध्यानात येते. तेथे लाकूड एकजीव आणि आज्ञाधारक असावे लागते; त्यावर लाखेचा रंग चढला की लाकूड मागे सरते आणि आकार पुढे येतो. गाठीच्या पात्रात हा क्रम उलटतो. येथे कारागीर वरून काही देत नाही, तो फक्त काढून टाकतो. ओला ठोकळा फिरू लागतो आणि पन्हळीच्या आकाराची पटाशी त्यात शिरते. भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारे एक दशांश ठेवून पात्र कित्येक महिने वाळू दिले जाते. वाळताना ते आपल्या मर्जीने वाकते आणि मग पुन्हा लेथवर चढवून पातळ केले जाते. आत कोठे साल दडलेली असते, कोठे पोकळी असते. फिरता ठोकळा एखाद्या क्षणी फुटून अंगावर येण्याचे भय असतेच. जे उरते त्याहून कितीतरी अधिक लाकूड ढलप्या होऊन पायाशी पडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मेल्विन लिंडक्विस्ट आणि त्यांचे पुत्र मार्क यांनी अशा गाठीच्या आणि बुरशीच्या रेषा उमटलेल्या लाकडाला कलावस्तूची प्रतिष्ठा मिळवून दिली. दोष झाकण्याची कारागिरी मागे पडली आणि दोषालाच शैलीचे स्थान प्राप्त झाले.

येथे भारतीय वाचकाला कुंतकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या या आचार्याने वक्रतेला काव्याचे जीवित मानले. सरळ तंतू म्हणजे व्यवहाराची भाषा आणि गाठीतील वळण म्हणजे वक्रोक्ती, असे रूपक सहज सुचते. परंतु ते फार पुढे नेता येत नाही. कुंतकाची वक्रता हा कविव्यापार आहे. तिच्यामागे कर्त्याची प्रतिभा आहे. झाडाने आपले तंतू कोणाला चकित करण्यासाठी वळविलेले नाहीत. गाठ कापली जाईपर्यंत तिची नक्षी कोणीही पाहिलेली नसते. ती पाहण्याची क्रिया आणि ती कापण्याची क्रिया एकच आहे. तेव्हा वेदनेतून झाडाने सौंदर्य निर्माण केले, हे विधान कितीही हृद्य वाटले तरी त्यात झाडाच्या वाट्याला काहीच येत नाही. ते पाहणाऱ्याने स्वतःच्या समाधानासाठी केलेले असते.

झाडाच्या लेखी ही गाठ काय असते, हे मोरोक्कोतील अरार वृक्षाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. व्यापारात थुया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वृक्षाच्या बुंध्याशी, मुळाच्या सांध्यावर, गाठ वाढते. वणवा लागला किंवा खोड तोडले गेले तर याच गाठीतून नवे कोंब फुटतात. सूचिपर्णी वृक्षांत हे सामर्थ्य थोड्यांनाच लाभले आहे. म्हणजे येथे गाठ हे व्यंग नाहीच. ती संकटकाळासाठी जमिनीखाली राखून ठेवलेली आयुष्याची पुंजी आहे. एस्साविरा या बंदराच्या गावी तिच्यापासून सुगंधी पेट्या आणि पात्रे घडविली जातात, आणि कित्येक कुटुंबांची चूल त्यावर पेटते. परंतु खोड तोडले तर झाड परत येते. गाठ खणून काढली तर ते परत येत नाही.

हा मोह नवा नाही. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात याच लाकडाच्या मेजांसाठी वेड्या झालेल्या धनिकांचे वर्णन केले आहे. सिसेरोने असे एक मेज पाच लाख सेस्टर्स देऊन घेतले होते, असे तो नोंदवितो. वाघाचे पट्टे, चित्त्याचे ठिपके, मोराच्या पिसाऱ्यातील डोळे अशा नक्षीच्या जाती रसिकांनी ठरविल्या होत्या. एवढी किंमत देऊन जे विकत घेतले जाते तो वस्तुतः झाडाचा दोष आहे, हे प्लिनीच्या नजरेतून सुटले नव्हते. आणि उत्कृष्ट लाकूड देणारा मॉरिटेनियातील एक डोंगर त्याच्याच काळात रिता झाला होता, हेही त्याने लिहून ठेवले आहे. दोषाला मोल आले की निर्दोषाचीही धडगत उरत नाही, असा या नोंदीचा अर्थ होतो.

दोन हजार वर्षांनी हीच गोष्ट पॅसिफिकच्या किनाऱ्यावर घडली. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्ष शंभर मीटरहून उंच वाढतात आणि त्यांच्याही बुंध्याशी पुन्हा फुटण्याची शक्ती असलेल्या गाठी असतात. संरक्षित उद्यानात रात्री शिरून यांत्रिक करवतीने या गाठी कापून नेण्याचे प्रकार इतके वाढले, की 2014 मध्ये उद्यानातून जाणारा एक निसर्गरम्य रस्ता रात्रीच्या वेळी बंद ठेवावा लागला. त्या गाठींची पुढे मेजे होतात, घड्याळे होतात, पात्रे होतात. दुकानात मांडलेल्या पात्रावरून ते पडलेल्या झाडाचे आहे की उभ्या झाडाच्या अंगातून कापलेले, हे ओळखता येत नाही. नक्षी दोहोंत सारखीच सुंदर असते. सौंदर्य स्वतःच्या उगमाविषयी साक्ष देत नाही, हीच येथली खरी अडचण आहे.

याहून एक पायरी पुढची गोष्ट भारतात घडते. अगरबत्ती या शब्दात ज्याचे नाव उरले आहे त्या अगरूचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ गंधहीन असते. कीटकाने पोखरले, बुरशी शिरली, की झाड स्वसंरक्षणासाठी राळ स्रवते आणि ते काळवंडलेले लाकूड सुगंधी होते. जंगलात अशी झाडे विरळ होत गेली. 1995 मध्ये अगरूच्या एका प्रमुख जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आला. आसाम आणि त्रिपुरा या राज्यांत आता अगरूची लागवड होते, आणि लावलेल्या झाडांना छिद्रे पाडून किंवा खिळे ठोकून राळेची वाट पाहिली जाते. लागवडीमुळे जंगलावरील भार हलका होतो, हे मान्यच करावयास हवे. तरीही पूर्वी जी जखम सापडत होती ती आता पुरविली जाते, हा बदल केवळ तंत्राचा नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न लाकडापुरता वाटू नये. 1978 मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले आणि पुढे दलित आत्मकथनांची परंपरा उभी राहिली. अशा लेखनाला दाद देताना, दुःखाच्या दाहामुळे त्याला तेज चढले, असे समीक्षक बोलून जातो तेव्हा त्याच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नसते. मात्र त्या वाक्यात लेखकाचे श्रेय त्याच्या जखमेला दिले जाते. तेज जखमेचे नसते. ती जखम ज्यांनी केली त्यांचे तर नसतेच नसते. जखम होऊनही जो लिहितो त्याचे ते असते. जो वाचक दुःखाच्या नक्षीलाच सरावतो त्याला पुढच्या पुस्तकातही दुःख हवे असते, आणि नकळत त्याची रसिकता खिळे ठोकणाऱ्याच्या रांगेत जाऊन उभी राहते. माणूस निदान या रसिकतेला प्रत्युत्तर देऊ शकतो. झाडाला ती सोय नाही.

यावर असा आक्षेप येईल की खुर्चीसाठी, दारासाठी, सरणासाठीही झाड तोडलेच जाते. मग शोभेच्या पात्रालाच जाब का विचारावा? आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याचे उत्तर शोभेच्या स्वरूपातच आहे. दाराला गरजेचा आधार असतो. ज्या पात्रात पाणी ठेवावयाचे नाही आणि धान्यही भरावयाचे नाही, त्याला गरजेची सबब सांगता येत नाही. म्हणून सौंदर्य निषिद्ध ठरत नाही. उलट निरुपयोगी वस्तूने उगमाचा हिशेब उपयोगी वस्तूपेक्षा अधिक काटेकोर ठेवावा, एवढेच त्यातून निष्पन्न होते. वादळात उन्मळून पडलेले झाड, फळ देणे थांबल्यामुळे काढलेले बागेतील जुने खोड, रस्त्यावर धोका झाल्याने तोडावी लागलेली फांदी यांच्या गाठी कातणारे कातारी आहेतच. त्यांच्या पात्राची नक्षी तेवढ्याने अधिक सुंदर होत नाही. पण ते पाहताना नजर चुकवावी लागत नाही.

पात्र या शब्दाला भांडे असा एक अर्थ आहे आणि लायक असा दुसरा. दान सत्पात्री असावे, असे परंपरा सांगते आणि घेणाऱ्याची पात्रता तपासण्याचा अधिकार देणाऱ्याला देते. झाडाजवळ तो अधिकार नाही. म्हणून ती तपासणी घेणाऱ्यालाच करावी लागते. गाठीवर पटाशी टेकविण्यापूर्वी कातारी तिच्यावर पाणी मारून आतली नक्षी अजमावतो. ही गाठ ज्या झाडाची होती त्याला तिची आता गरज उरली आहे काय, हे विचारण्याची वेळ त्याही आधीची असते. लेथ फिरू लागल्यावर तो प्रश्न ढलप्यांबरोबर खाली पडतो.