सत्कार्याचा ताण

मदतनिधीसाठी मोठा कार्यक्रम योजला की त्याची जबाबदारी शिरावर घेणाऱ्यांची झोप उडते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मैदानाचा परवाना, मंडपवाल्याची उचल, न खपलेली तिकिटे यांच्या धावपळीत ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला, ते दुःखितच नजरेआड होतात. ज्या सत्कार्याने करणाऱ्याची शांती हिरावून घेतली, ते सत्कार्य कितपत निर्मळ?

या संदर्भात आम्हाला १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेली बांगलादेश मैफल आठवते. पंडित रविशंकरांनी निर्वासितांची दैना आपले मित्र जॉर्ज हॅरिसन यांच्या कानी घातली आणि अवघ्या काही आठवड्यांत दोन प्रयोग उभे राहिले. बॉब डिलन रंगमंचावर येतील की नाही, याची शाश्वती हॅरिसन यांना शेवटच्या क्षणापर्यंत नव्हती. डिलन आले, सुमारे ४० हजार श्रोते लोटले आणि तिकीटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. परंतु घाईत एक गोष्ट राहून गेली होती. धर्मादाय कार्य म्हणून कार्यक्रमाची रीतसर पूर्वव्यवस्था झाली नव्हती. परिणामी, पुढे ध्वनिमुद्रिकेतून उभा राहिलेला मोठा निधी करखात्याच्या चौकशीत अनेक वर्षे अडकून पडला.

डिलन यांच्या आगमनाची चिंता त्याच दिवशी मिटली. कागदपत्रांची चिंता वेळीच वाहिली न गेल्याने तिचा भार मात्र गरजवंतांवर पडला. तेव्हा सगळ्या चिंता एका तागडीत घालणे योग्य नव्हे. एक चिंता असते आपल्या नावलौकिकाची, तर दुसरी परक्याच्या ठेवीची. कार्यक्रम रंगला नाही तर गर्दी जमत नाही आणि गर्दीवाचून निधी उभा राहत नाही, हे खरे. म्हणून पहिली चिंता सर्वस्वी त्याज्य आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र तिने दुसरीची जागा बळकावता कामा नये.

यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना संत पौलाने हा भेद जाणला होता. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने तीताबरोबर मंडळ्यांचा विश्वास लाभलेले बंधू धाडले. करिंथकरांनी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी यथाशक्ती काही बाजूला ठेवावे, म्हणजे आपण आल्यावर ऐनवेळी धावाधाव होणार नाही, असेही त्याने सुचविले.

दोन्ही चिंतांची पारख येथेच होते. ठेवीची चिंता चार विश्वासू माणसांत वाटली की हलकी होते. नावलौकिकाची चिंता जितक्यांत वाटावी तितकी वाढते, कारण प्रत्येकाला आपापले नाव सांभाळायचे असते. म्हणून कार्यकर्त्याने ताणाला भिऊ नये. हा ताण नेमका कोणासाठी, एवढे मात्र त्याने स्वतःला रोज विचारावे.