मोह आणि मोहाचे झाड

संतसज्जनहो, ‘मोह’ हा शब्द कानाला एक, पण त्याची कुळे दोन. एक मोह जीवाला भुलवतो. दुसरा मोह म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातले झाड. त्याचे संस्कृत नाव मधूक. ते लोकांच्या तोंडी झिजत झिजत मोह झाले. हे ठाऊक असूनही माझी जीभ एकदा घसरली.

चैत्रात साकोलीकडच्या एका गावी कीर्तन होते. विषय व्यसनत्यागाचा. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, “ज्याच्या नावातच मोह, त्या झाडाच्या सावलीला वारकऱ्याने उभेही राहू नये!” मंडळी हसली. आरतीनंतर एक म्हातारी माय पाया पडली नि म्हणाली, “महाराज, माह्या लेकराईले त्याच झाडानं जगवलं. गळ्यात माळ हाय. उद्या फुलं वेचाले जाऊ का नोको?”

मी निरुत्तर झालो. रात्री पाठशाळेत घोकलेले आठवू लागले. कालिदासाने कुमारसंभवात विवाहसमयी पार्वतीच्या केसांत मधूकाची माळ घातली आहे. रघुवंशात स्वयंवरातल्या इंदुमतीची माळही दूर्वा नि मधूकाचीच. आणि इंदुमती तर आपल्या विदर्भाची लेक! भावप्रकाश सांगतो, हे फूल मधुर, शीत, पचायला जड, पण बळ देणारे. मग मी कोणत्या तोंडाने त्याला अमंगळ म्हणालो?

पहाटे मायच्या मागोमाग रानात गेलो. मोहाचे फूल तोडावे लागत नाही. ते आपणहून गळते. गोड, गरदार फूल. उन्हात वाळवले की पुढे कितीतरी दिवस पुरते. ते उकडून खातात, त्याचे लाडू करतात, गुराढोरांनाही घालतात. बियांचे तेल निघते, पेंड शेतात जाते. टंचाईच्या वर्षी गरिबाच्या घरी हेच अन्न.

याच फुलाची दारू होते, हेही खरे. तिच्यापायी उठलेले संसार मी पाहिले आहेत. पण दोष फुलाचा की ते सडवणाऱ्याचा? सरकारनेही फुलालाच धरले होते. मुंबई इलाख्यात 1892 साली मोहफुलांवर कायदा आला. 1949 च्या दारूबंदी कायद्यातही त्यांवर बंधने आली. महाराष्ट्रात फुले गोळा करण्यावरचे निर्बंध 2021 साली उठले.

मी मायला म्हणालो, “माय, चुकलो मी. खुशाल वेच. फूल देवाने दिले, त्याची लेकरांसाठी भाकर कर; भट्टीला मात्र देऊ नको. आणि वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवू नको. तो वणवा रानभर जातो, कोवळी रोपे जळतात. खाली जाळी नाहीतर जुने लुगडे अंथर.”

श्रोतेहो, माळकऱ्याने दारू सोडावी, झाड सोडू नये. अंतरीचा मोह तोडावा, बांधावरचा मोह राखावा. एवढे केलेत, तर त्या मायपुढे खाली गेलेली माझी मान थोडी वर येईल.

रामकृष्णहरि!