रविवार कोणाचा?

म्युनिकला आल्यावरच्या पहिल्याच रविवारी सकाळी घरात दूध नव्हतं. नवरा पिशवी घेऊन खाली उतरला आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हाताने वर आला. कोपऱ्यावरचं सुपरमार्केट बंद, त्याच्या पुढचं बंद, कपड्यांची, भांड्यांची, सगळी दुकानं बंद. आम्ही कोरा चहा घेऊन खिडकीत बसलो. खालून माणसं चालली होती. पाठीला छोट्या सॅक, पायात चढणीचे बूट, कुणाच्या हातात काठ्या. पोरंबाळं होती, पण बरीचशी जोडीजोडीने. त्यात सत्तरीच्या पुढची जोडपीही होती. काहीही उघडं नसताना ही माणसं निघालीत तरी कुठे, असं मला वाटलं. त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. आता रविवारी सकाळी आम्हीही त्याच रस्त्याने चालत असतो.

हा बंद रविवार म्हणजे नुसती जुनी चाल नव्हे, तो जर्मनीच्या राज्यघटनेत आहे. 1919 च्या वायमार घटनेच्या 139 व्या कलमाने रविवार आणि सणांना कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षण दिलं. पुढे 1949 मध्ये नवी घटना लिहिताना ते कलम जसंच्या तसं तिच्यात घेतलं गेलं. बर्लिनने नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली, तेव्हा डिसेंबर 2009 मध्ये इथल्या घटना न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. रुग्णालयं, रेल्वे, हॉटेलं चालू राहतात, बेकऱ्या काही तास उघडतात. बाकी शहर मात्र गप्प होतं. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या खळखळाटाने कुणाच्या तरी शांततेचा भंग होतो.

सुरुवातीला हे जाचक वाटलं. मग हळूहळू उमगलं की सुट्टी मिळणं वेगळं आणि सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी असणं वेगळं. मला बुधवारी आणि नवऱ्याला शनिवारी सुट्टी असेल, तर दोघांनाही विश्रांती मिळेल, पण आमचा असा दिवस उरणार नाही. दुकानातली मुलगी आज घरी आहे, म्हणूनच ती आपल्या माणसासोबत नदीवर दिसते. तिचा रविवार राखायचा तर मला शनिवारीच दूध आणून ठेवायला हवं. मोकळा वेळ आपण एकट्याने कमावतो असं आपल्याला वाटतं, पण तो लोकांनी एकमेकांना दिलेला असतो.

हे मराठी माणसाला नवं वाटायचं कारण नाही. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस काम चाले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं, एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा घेतली आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्या मागणीत होता असं सांगतात. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. ज्या दिवशी भोंगा वाजला तरी उठावं लागत नसे, तो दिवस त्यांना लोखंड्यांमुळे मिळाला होता. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. परदेशातल्या बंद दुकानांनी मला ते शोधायला लावलं.

सुट्टी मिळाली तरी जायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. इथे त्याचंही उत्तर कायद्यात आहे. म्युनिक ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियाच्या 1946 च्या घटनेतलं 141 वं कलम सांगतं की निसर्गाच्या सौंदर्याचा आनंद घेण्याची, रानात आणि डोंगरातल्या कुरणांवर जाण्याची, पाण्यात नाव घालण्याची, रानातली फळं बेताने तोडून घेण्याची मुभा प्रत्येकाला आहे. पुढे असंही आहे की डोंगर, तळी, नद्यांपर्यंतच्या वाटा लोकांसाठी मोकळ्या ठेवणं हे शासनाचं कर्तव्य आहे. 1946 साली हे शहर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं होतं. त्या विटांच्या ढिगाऱ्यात बसून घटना लिहिणाऱ्यांना रानातली बोरं वेचण्याचा हक्क लिहून ठेवावासा वाटला, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानाशी थांबले होते.

त्या कलमावर आमचं सहजीवन उभं आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. गाडी आमच्याकडे नाही. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालेला आणि 2025 मध्ये 58 युरोंवर गेलेला देशभराचा मासिक पास आहे. त्यावर लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडल्या, तर कुठलीही लोकल, बस, ट्राम चालते. सकाळी उपनगरी गाडीने हेरशिंगला उतरायचं आणि ओढ्याकाठच्या झाडीतून चढत आंडेक्सच्या मठापर्यंत जायचं. शेकडो वर्षं यात्रेकरू या वाटेने आलेले आहेत. लहानपणी जेजुरीच्या पायऱ्या चढताना देवदर्शन आणि सहल यांत फरक वाटत नसे, तशीच ही वाट आहे. आणि कुठेच जायचं नसेल तर शहरातली इझार नदी आहेच. तिला पूर्वी सरळ कालव्यासारखं बांधून टाकलं होतं. 2000 ते 2011 या काळात शहरातल्या आठ किलोमीटरच्या पट्ट्यात तिचे बांधीव काठ मोकळे करून गोट्यांचे पसरट किनारे तयार केले. आता उन्हाळ्यात अर्धं शहर त्या गोट्यांवर पथारी पसरतं, आणि बसायला पैसे पडत नाहीत.

अशाच एका दुपारी चेस्टनटच्या झाडांखालच्या बिअर गार्डनमध्ये आम्ही बसलो होतो. इथे आपला डबा घेऊन जायची मुभा असते. 1812 मध्ये बव्हेरियाच्या राजाने बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकू दिली, पण भाकरीखेरीज जेवण विकायला बंदी घातली. म्हणून लोक घरून शिदोरी आणू लागले, ती चाल आजही आहे. आम्ही पोळी आणि बटाट्याची भाजी सोडली. समोर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. आजींनी चौकड्यांचं कापड अंथरलं. आजोबांनी पिशवीतून लांबलचक पांढरा मुळा काढला, सुरीने कागदासारख्या पातळ चकत्या केल्या, मीठ भुरभुरलं आणि हात मांडीवर ठेवून थांबले. मी बघतेय हे पाहून म्हणाले, "आधी रडू द्यायचा." मिठाने मुळ्याला पाणी सुटेपर्यंत ते दोघं काही न बोलता पानांतून पडणारं ऊन बघत बसले. दोन तासांत ती दोघं फार तर दहा वाक्यं बोलली असतील. पण त्यांच्यात अबोला नव्हता. निघताना आजोबांनी ताटल्या उचलल्या, कापड झटकून घडी घातली आणि पिशवी खांद्याला लावली. आजी फक्त उठल्या.

ते "फक्त उठणं" माझ्या मनात रुतून बसलं. कारण त्या वेळी माझा स्वतःचा रविवार हरवलेला होता.

पहिल्या वर्षी मला नोकरी नव्हती. नवऱ्याच्या परवान्यावर आलेल्या बायकोला इथे काम करायची कायद्याने परवानगी असते, पण भाषेशिवाय कुणी दारात उभं करत नाही. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळायचा. सकाळी नवरा गेला की मी आणि खिडकी. लोक म्हणायचे, "मजा आहे तुझी, आराम आहे." पण ज्याला कामाचा दिवस नाही त्याला सुट्टीचा दिवसही नसतो. माझा मंगळवार रविवारसारखा आणि रविवार मंगळवारसारखाच होता. फरक इतकाच की रविवारी घरात दोन माणसं जेवायला असायची. नवरा आठवडाभर दमलेला, त्याला बाहेर पडायचं असायचं. मी पहाटे उठून डबे भरायचे, परत आल्यावर ते घासायचे. तळ्याच्या काठी काढलेल्या फोटोंत दोघंही हसतोय. मात्र त्यातली सुट्टी एकाचीच होती. एकदा परतीच्या गाडीत मी रडले. तो घाबरून विचारत राहिला, काय झालं? मला सांगता आलं नाही, कारण मलाच कळलेलं नव्हतं.

कळलं ते आजीची आठवण आली तेव्हा. आजोबा गिरणीत होते, तशी आजी खाणावळ चालवायची. गावी बायकामुलं ठेवून आलेले मालवणकडचे गिरणी कामगार तिच्याकडे जेवायला असत. रविवारी त्यांना सुट्टी, म्हणून रविवारी सागुती आणि वडे. म्हणजे ज्या दिवशी भोंगा आजोबांना उठवत नसे, त्याच दिवशी आजी पहाटे चारला उठून वाटण वाटत असे. महालक्ष्मीच्या सभेत दोन स्त्रियांनी उभं राहून मागितलेला रविवार गिरणीच्या फाटकापर्यंत पोचला, पण चुलीपर्यंत पोचला नाही. पुढे आई शाळेत शिक्षिका झाली. तिच्या रविवारात कपडे, निवडणं-टिपणं, इडलीचं पीठ आणि पाहुणे असायचे. संध्याकाळी बाबा आम्हाला चौपाटीवर न्यायचे आणि आई म्हणायची, "तुम्ही या जाऊन, मी जरा आवरते."

इथेही फार वेगळं नव्हतं. 1956 मध्ये जर्मन कामगार संघटनांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी एक भित्तिपत्रक काढलं होतं. त्यावरचं लहान मूल म्हणतं की शनिवारी बाबा माझे असतात. लोकांना ते इतकं भिडलं की आजही त्याची आठवण काढतात. पण शनिवारी आई कोणाची असते, हे त्या पत्रकाने विचारलं नाही. 1977 पर्यंत इथल्या कायद्यात लग्न झालेल्या बाईने घरची कर्तव्यं सांभाळूनच बाहेर काम करावं अशी अट होती. तेव्हा मुळा चिरणारे ते आजोबा त्या वयात एका दिवसात तसे झाले नसणार. त्या कापडाच्या घडीमागे बहुधा दोघांची कित्येक वर्षांची भांडणं आणि समजुती असतील.

आमचीही भांडणं झाली. देशात असतो तर कदाचित झाली नसती. सासूबाईंनी काही केलं असतं, कामाला बाई असती, आईकडे डबा मागवला असता. दोन माणसांमधली असमान वाटणी तिसऱ्या बाईच्या कष्टांनी झाकली गेली असती. परदेशात ती तिसरी बाई नसते. ओट्यापाशी तो किंवा मी, एवढाच हिशोब. मी भाषेच्या वर्गाला जाऊ लागले, तिथले सहाशे तास पुरे केले, पुढे एका हिशेबाच्या कचेरीत लागले. त्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटल्यावर ट्राममध्ये बसताना जो थकवा जाणवला, त्याच्यासारखा आनंद मला त्याआधी कित्येक महिन्यांत झाला नव्हता. इथे काम संपण्याच्या वेळेला "फायरआबेंड" म्हणतात, म्हणजे शब्दशः सणाची संध्याकाळ. माझ्या वाट्याला ती त्या दिवशी आली.

आता शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं मिळून स्वयंपाक करतो. कणीक त्याच्याकडे, कारण त्याच्या हातची मऊ होते, हे आम्हाला लग्नानंतर चार वर्षांनी समजलं. भाजी माझ्याकडे. रविवारी ओटा बंद. डबा उचलायचा आणि निघायचं. कुठे जायचं यावरून वाद होतात. त्याला डोंगर लागतो, मला पाणी. पण वाद दोघांच्या सुट्टीचा असतो. वाटेत आम्ही पूर्वीपेक्षा कमी बोलतो, आणि ते मला आवडतं. घरच्या विषयांची यादी संपल्यावर जे बोलणं उरतं, ते त्या वाटांवर आम्हाला सापडलं. जोडीने भटकणं म्हणजे नुसतं प्रेमाचं लक्षण नाही. त्याला बंद दुकान लागतं, मोकळा काठ लागतो, परवडणारी गाडी लागते आणि घरात समान वाटलेला ओटा लागतो. यातलं एक जरी नसलं तरी कुणीतरी एक जण मागे राहून "जरा आवरते" म्हणत असतं.

गेल्या उन्हाळ्यात आई नव्वद दिवसांच्या व्हिसावर आली. रविवारी तिला इझारवर नेलं. नवऱ्याने चटई अंथरली, डबे उघडले, तिच्या हातात ताटली दिली. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "किती वाजले?" चार. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी विचारलं, "आई, घरी काही आहे का?" म्हणाली, "नाही गं, सवय." मग तिने समोरचे गोटे उचलायला सुरुवात केली. पांढरे एकीकडे, काळे एकीकडे, बारीक वेगळे. तांदूळ निवडताना तिची बोटं चालतात तशीच चालत होती. आम्ही काही बोललो नाही. पलीकडे पोरं पाण्यात उड्या मारत होती.

सात वाजले, आठ वाजले, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. केव्हातरी माझं लक्ष गेलं. निवडलेल्या गोट्यांच्या तीन राशी तशाच पडल्या होत्या. आईने पातळ घोट्यापर्यंत उचलून पाय पाण्यात सोडले होते आणि दोन्ही हात मांडीवर रिकामे ठेवले होते. तिने वेळ विचारली नव्हती. मीही सांगितली नाही.