कष्ट कोणी सोसावेत?

थोरपणाला थोडा तरी कठोरपणा लागतोच, असा एक समज आपल्या मनात खोल रुजलेला आहे. छडी उगारणारे गुरुजीच आपल्याला विद्वान वाटतात. सतत संतापणारा कलावंतच आपण अस्सल मानतो. हा समज कितपत खरा, याचा विचार करताना आम्हांला एका मोटारीचा इतिहास उपयोगी वाटतो. मोटारीचा आणि नीतिविचाराचा संबंध काय, असे वाचक विचारतील. पण माणूस जी वस्तू घडवतो, तिच्यात त्याची माणसाविषयीची कल्पनाही उतरलेली असते.

ही मोटार म्हणजे जपानच्या होंडा कंपनीची एनएसएक्स. तिचा पहिला कल्पनारूप नमुना १९८४ साली इटलीतील पिनिनफरिना या संस्थेने होंडासाठी तयार केला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली आणि १९९० पासून विक्रीस निघाली. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या आसापुढे बसवलेले आहे. वजन असे मध्यभागी आले की गाडी वळणावर चपळ होते. मात्र तोल सुटला, तर तितक्याच चपळाईने गरकन फिरतेही. त्या काळी या धाटणीच्या युरोपीय गाड्या वेगवान खऱ्या, पण चालकाची परीक्षा पाहणाऱ्या होत्या. क्लच जड, मागचे नीट दिसण्याची मारामार आणि देखभालीचा ससेमिरा कायमचा! गंमत अशी की, चाहते या त्रासाचेही कौतुक करीत.

होंडाचे मुख्य अभियंता शिगेरू उएहारा आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळा विचार केला. यंत्र माणसाला जुळले पाहिजे, माणसाने यंत्रापुढे वाकू नये, ही त्यांची भूमिका होती. एफ-१६ या लढाऊ विमानातील वैमानिकाला जसे चहूकडचे दिसते, तसे चालकाला दिसावे म्हणून त्यांनी बैठक पुढे आणि काचा मोठ्या ठेवल्या. वजन घटावे म्हणून सारा सांगाडा ॲल्युमिनियमचा केला. कारखान्यात नियमित बनणाऱ्या मोटारीत हे पहिल्यांदाच घडत होते. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे निर्धोकपणे घेऊ शकावे म्हणून त्यातील दांडे टायटॅनियमचे घडवले. ब्राझीलचा विख्यात शर्यतपटू आयर्टन सेना याने १९८९ साली सुझुकाच्या धावपट्टीवर गाडी चालवून पाहिली आणि ती थोडी नाजूक वाटते, असे सांगितले. गाडी तर जगाला दाखवून झाली होती! तरीही अभियंत्यांनी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या अवघड वळणांवर कित्येक महिने तपासण्या केल्या आणि सांगाडा सुमारे ५० टक्के अधिक ताठ केला.

परिणाम काय झाला? बाजारात जायला आणि डोंगरातल्या वाटेवर धावायला सारखीच विश्वासू अशी गाडी तयार झाली. जाणकारांनी तिची वाखाणणी केली. पण काहींनी नाक मुरडले. ही फार सोपी आहे, हिच्यात आत्मा नाही, असे ते म्हणाले. २००५ साली उत्पादन थांबले तेव्हा पंधरा वर्षांत जेमतेम अठरा हजारांवर गाड्या बनल्या होत्या.

या आक्षेपात तथ्य मुळीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. कसोटीवाचून कस लागत नाही, हे खरेच आहे. परंतु कष्टांचेही दोन प्रकार असतात. वळणाची अवघडता रस्त्याची असते. ती चालकाने पेललीच पाहिजे. एनएसएक्सने ती हिरावून घेतली नाही. हाताने गिअर बदलण्याच्या सुरुवातीच्या गाड्यांत चाक वळवण्यासाठी यंत्राची मदतही नव्हती. रस्त्याचा स्पर्श थेट तळहाताला कळे. याउलट, न दिसणारी मागची बाजू आणि वारंवारचा बिघाड ही अवघडता घडवणाऱ्याच्या अपुऱ्या श्रमातून आलेली असते. तिला आत्मा म्हणणे ही भाबडी भक्ती होय.

आम्हांला तर असे वाटते की, कष्ट सहसा नाहीसे होत नाहीत. ते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातात. चालकाला जे सोपे झाले, ते आधी कोणीतरी अवघड करून सोसले होते. आणि असे सोसणे जितके पूर्ण, तितके ते अदृश्य. म्हणूनच त्याला दाद मिळत नाही. घरात वेळेवर होणारे जेवण, न चिडता शिकवणारी बाई, कधीच न चुकणारा रात्रपाळीचा कामगार यांची आठवण आपल्याला खंड पडल्यावरच होते.

ही गाडी मूठभर धनिकांसाठी होती, हेही विसरून चालणार नाही. एवढे कौशल्य अधिक गरजेच्या कामी यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्या कौशल्यामागील वृत्ती धनिकांपुरती मर्यादित नाही. ब्रिटनमधील मॅक्लारेन एफ-१ या मोटारीचे शिल्पकार गॉर्डन मरी यांनी आपल्या गाडीच्या चालीसाठी एनएसएक्सचाच आदर्श पुढे ठेवला होता. ज्याने स्वतः घडवण्याचे कष्ट घेतले, त्याला दुसऱ्याचे झाकलेले कष्ट ओळखता आले.

सामर्थ्य असूनही जे सौम्य राहते, त्याला आपण बेचव म्हणावे की थोर? याचे उत्तर आपण मोटारींविषयी काहीही देऊ. माणसांविषयी मात्र ते रोजच्या वागण्यातून देत असतो.